खालच्या वाडीचे शंभर टक्के

२ एप्रिल
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वर्षभराच्या कामाचा फलक रंगवायची ऑर्डर मिळाली. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, सरकारने काय केलं ते लोकांना दिसलं पाहिजे. कागदावर 'नळजोडणी : शंभर टक्के' होतं. आमच्या खालच्या वाडीत नळ आहेत, पाणी नाही. तसं म्हटलं. म्हणाले, पाइप आलाय ना, मग पाणी काय वाट चुकणार आहे?
पटलं. चारचौघांत लिहिलं की सरकारला मागे हटता येत नाही.

४ एप्रिल
फलक पूर्ण. फोटो अक्षयाला पाठवला. देवरुखची. पसंती दोन्हीकडून आहे. तिची अट एकच : विहिरीवरून हंडे वाहणार नाही. तिच्या आईची कंबर त्यातच गेली. तिने विचारलं, खरंच? मी लिहिलं, सरकारी फलक आहे.

११ एप्रिल
वाडीचा पाण्याचा टँकर आला नाही. पंक्चर असेल.

१५ एप्रिल
टँकर बंद. भाऊसाहेबांनी फलकाचा फोटो तालुक्याला पाठवला, तो बघून वाडीचं नाव टंचाईच्या यादीतून काढलं. शेजारच्या मथुराकाकी म्हणाल्या, मेल्या, ब्रशानं टँकर पुसलास.
वेगळा विचार केला. वरचे लोक फलक वाचतात, हे सिद्ध झालं. आता पाणी सोडावंच लागेल.

१ मे, सकाळी
आज ग्रामसभा. उठून सांगणार : फलक चुकीचा आहे, मी फुकट दुरुस्त करतो. भाषण पाठ आहे.

१ मे, दुपारी
उठलो. भाऊसाहेब लगेच म्हणाले, हा विनीत, फलक ह्यानेच रंगवला. टाळ्या झाल्या. आभार मानून बसलो. पुढच्या सभेत नक्की.

१० मे
अक्षयाचे वडील न कळवता आले. सरळ अंगणातल्या नळाकडे. फिरवला. मुंग्या निघाल्या. आयेने तांब्या पुढे केला. म्हणाले, राहू दे वहिनी, लांबून आणलेलं पाणी. मग विचारलं, फलक कोणी रंगवला? मी, म्हटलं. म्हणाले, अक्षर चांगलं आहे.
स्तुती केली म्हणजे नकार नाही.

१२ मे
अक्षयाचा फोन. म्हणाली, तुला माहीत होतं ना? मी म्हटलं, जाहीर झालंय, पाणी येणारच. मग म्हणाली, नळ कोरडा आहे एवढं सांगितलं असतंस तर थांबले असते रे मी.
रागात आहे. चार दिवसांत शांत होईल.

२८ मे
अक्षयाचं ठरलं. मुलगा दाभोळचा. तिनेच मेसेज करून कळवलं. खाली विचारलंय, पाणी आलं का?
लिहिलं, आलं.
म्हणाली, बरं झालं.
आये हंडे घेऊन दारात उभी आहे. जातो.