हलत्या याडीचा फोटो

तीर्थरूप भीमसिंगदादा यांस धाकट्या किसनसिंगचा वाकून नमस्कार. तांड्यावर सगळे खुशाल आहेत, निदान नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तसे दिसतात. तुमचा गुडघा आणि तिकडची थंडी या दोघांचं आता पटतं का, ते कळवावे.

तुमच्या पलटणीतल्या जळबाने कॅमेरा आणि चिठ्ठी दोन्ही पोचवलं. 'इथं जो तो आईच्या आठवणी काढतो. मी याडीचा चेहरा डोळ्यांपुढं आणतो, पण नाक नीट बसत नाही. एक फोटो पाठव,' असं तुम्ही लिहिलंत. वाचून मला हसू आलं आणि मग जेवण गेलं नाही. एवढं काम करायचंच असं मी ठरवलं. जळबाने वसमतच्या एसटी स्टँडवर, कंडक्टर घंटी मारत असताना, मला दोन कळा समजावल्या. एक उजेडाची, तिच्यावर सूर्य आणि ढग काढलेत. दुसरी वेळेची. अंधारून आलं तर कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा आणि माणूस हलत असेल तर कमी वेळ. (अंधारात माणूस हलत असेल तर काय करायचं, हे विचारेपर्यंत बस सुटली.)

आता याडी. तिला खाटेवर बसवलं तर ती उठून शेळीमागे गेली. तिचं म्हणणं असं, की वसमतच्या स्टुडिओत भिंतीवर जेवढी माणसं ताठ बसलीत तेवढ्यांना हार घातलेत. म्हणजे ताठ बसलं की हार पडतो. ते फोटो माणसं मेल्यावर टांगले, हे मी समजावलं. ती म्हणाली, मेली कशानं ते तू पाह्यलंस का? मी शाळेत पोरांना शिकवतो, पण असा प्रश्न कुठल्या पुस्तकात नाही. शेवटी हलताना काढायची परवानगी मिळाली. भिकाबाईने (तुमच्या भावजयीने) सुचवलं, तीजेच्या सणाचा नाच आहे, सासूबाई पुढे असतात, तेव्हाच उरका.

तीजेच्या दिवशी आभाळाने माझी फजिती करायचं ठरवलंच होतं. ढग आला म्हणून कळ ढगावर नेली, तर ऊन पडलं. सूर्यावर आणली, तर याडी फिरत फिरत लिंबाच्या सावलीत गेली. सावलीचा हिशेब करेपर्यंत ती पुन्हा उन्हात. त्यात घागऱ्या-ओढण्यांवरचे आरसे! जन्मभर पाहतोय, पण एकेका आरशात एकेक सूर्य बसतो हे त्या दिवशी कळलं. सगळे सूर्य माझ्याकडेच बघत होते. मी डोळे मिटून दाबत गेलो. मधेच तांड्याच्या नायकांनी हुकूम केला की सगळ्यांनी जरा थांबा, गुरुजींना फोटो काढू द्या. सगळ्या थांबल्या. एकटी याडी तेवढी नाचत राहिली.

स्टुडिओवाल्या पुंजाजींनी रीळ धुतलं आणि फोटो माझ्यापुढे मांडले. "गुरुजी, ही बाई हाय का वावटळ?" एका फोटोत नुसता लख्ख उजेड आहे. दुसऱ्यात काळोख आहे आणि त्यात बांगड्या. तिसऱ्यात याडी डावीकडून उजवीकडे सांडली आहे, हात मोजावे तर मोजता येत नाहीत. एकात मात्र नाक स्पष्ट आलंय. पण ते याडीचं की तिच्या मागे नाचणाऱ्या रूपाबाईकाकूचं, यावर घरात तीन मतं आहेत. (तिसरं मत शेळीचं.) पुंजाजी म्हणाले, चूक कळांची. मी म्हणतो, आभाळाची. भिकाबाई नुसती हसते. ते काहून, मला कळत नाही.

सोबत चारही फोटो पाठवतो. यातून जमेल तशी याडी जुळवून घ्यावी.

आपला,
किसनसिंग

ता. क. भिकाबाई का हसत होती ते आता कळलं. याडीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, चेहरा येऊ द्यायचा न्हाई, फोटो मिळाला की पोरगं तिकडंच बघत बसंल.

ता. क. दुसरे. हे पत्र याडीला वाचून दाखवलं. नाकाच्या गोष्टीवर ती पोटभर हसली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, लिही त्याला: "दोन तीजा झाल्या. ये म्हणावं. तू समोर आलास की म्या हलनार न्हाई, लागंल तेवढा येळ बघ."