आठव्या दिवसाची मोहरी

आई,

आज तुर्भ्याच्या गाळ्यावर मोहरी वाटायला घेतली होती आणि मी बाजूला नुसता उभा होतो. कामगारांना वाटतं, शेठ मशीन तपासतोय. मी ऐकत असतो. भिजलेला दाणा दगडाखाली आधी कुरकुरतो, मग आवाज जड होत जातो आणि एका क्षणी चिखलात पाय पडल्यासारखा बसका येतो. तिथं थांबायचं. पुढं गेलं तर चटणी, अलीकडं राहिलं तर पाखरांचा चारा. हे मला कुणी शिकवलेलं नाही. कोपरखैरण्याच्या खोलीत तू पाट्याशी बसायचीस आणि मी खिडकीत आरसा टेकवून दाढी करायचो, तेव्हा ते कानात शिरलं. कान माझे चांगले. बाकीचं सगळं धंद्यानं शिकवलं, आणि धंद्यानं शिकवलेल्या गोष्टींतली एक तुझ्यावरच वापरली. त्याबद्दल लिहितोय.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, तू लोणची घालायचीस आणि मी ती स्कूटरवरून कारखान्यांच्या कँटीनांना पोचवायचो. वाशीचं ते मोठं हॉटेल मला नुकतंच मिळालं होतं, तेही फक्त लिंबाच्या लोणच्यापुरतं. एक दिवस मागच्या दारात डबे घेऊन उभा आहे, आणि आत शेफ फोनवर कुणाला तरी झापतोय. परदेशी पाहुणे यायचे आहेत, अख्ख्या दाण्यांची मस्टर्ड बाहेरून येते ती आलेली नाही, आणि पुरवठादार नुसत्या थापा मारतोय. मस्टर्ड म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पण माणूस अडलाय की नुसता ओरडतोय, ते आवाजावरून कळतं. हा अडला होता. त्यानं फोन ठेवल्यावर मी म्हटलं, सर, हम बना के देंगे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तळाशी उरलेली चमचाभर मस्टर्ड वाटीत काढून दिली आणि म्हणाला, दस दिन. जमलं तर कायमची ऑर्डर, नाहीतर लोणचंही घेऊन जा. म्हणजे होतं तेही पणाला लावून मी घरी आलो.

तू बोटानं चाखलीस, डोळे मिटलेस, आणि हसत म्हणालीस, "ही तर आपली फेसलेली मोहरी. फेसनारीला कटाळा आलेला दिसतोय."

त्या हसण्यात माझं अर्धं टेन्शन गेलं. तू पिवळी मोहरी जास्त आणि आपली बारीक काळी मोहरी थोडी, अशी निवडून घेतलीस. मी आणलेल्या व्हिनेगरचा वास घेऊन नाक मुरडलंस, त्यात माठातलं गार पाणी घालून दाणे दोन दिवस भिजवलेस. मग पाट्यावर अर्धे रगडलेस, अर्धे तसेच ठेवलेस, मीठ, हळद, गुळाचा खडा, आणि सगळं बरणीत भरून वर फडकं बांधलंस. मी दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडून चमचा घातला. कडू. कारल्याचं कडू नव्हे, औषधाचं. चहा पिऊनही जाईना.

तेव्हा मी तुला काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "ही गावाकडची चटणी नाही, हॉटेलचा माल आहे. तुला यातलं काही कळत नाही." तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबलं नाही. "आरं, वाटल्यावर मोहरीला आठ दिस कुनी इचारायचं न्हाई," एवढंच म्हणालीस. "कडूपना तिचा ती सोडती."

माझ्याकडे सातच दिवस उरले होते, आणि आपोआप काही सुटतं यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता. तू दोन दिवस ऐरोलीला मावशीकडे गेलीस तेव्हा मी शेजारच्या वहिनींचा मिक्सर मागून आणला. दाणे लवकर फुगावेत म्हणून उकळतं पाणी ओतलं, आणि तासाभरात मिक्सरमधून फिरवून घेतलं. दिसायला झकास. कडू अजिबात नाही. मी स्वतःवर इतका खूश होतो की तिला दुसरी कसलीच चव नाही हे लक्षातच आलं नाही. परत आल्यावर तू बाटलीचा वास घेतलास आणि विचारलंस, गरम पानी वतलं का? मी म्हटलं, वेळ वाचतो. तू झाकण लावून बाटली जागेवर ठेवलीस.

दहाव्या दिवशी मी निघालो तेव्हा हातात माझी बाटली होती. पण पिशवीच्या तळाशी तुझ्या बरणीतली एक लहान बाटली होती, तुला न विचारता भरून घेतलेली. याला लोक धंद्याची अक्कल म्हणतात. शेफनं माझी चाखली आणि चमचा ठेवला. "इसमें जान नहीं है, भाई. ये तो बीमार का खाना है." आत भांडी घासणारे हसले. मी पिशवीत हात घातला आणि म्हटलं, साहब, ते नुसतं दाखवायला आणलं होतं, असली माल हा. पावाच्या तुकड्यावर लावून त्यानं तो तोंडात टाकला. दाणा दाताखाली फुटल्याचा आवाज मी समोरून ऐकला. त्याचं नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो दुसरा तुकडा तोडायला लागला. मग विचारलं, किसने बनाया?

"मैंने."

ते एक वेळ ठीक. बाजारात माणूस असं बोलतो. पण घरी आलो तर तू उंबऱ्यातच होतीस. ऑर्डर मिळाली म्हटल्यावर तू देवापुढं साखर ठेवलीस, आणि आतूनच विचारलंस, "कुठली घेतली रं त्यानं?" तुला यातलं कळत नाही असं म्हणून दहा दिवसही झाले नव्हते. मी म्हणालो, "माझी."

"बरं," तू म्हणालीस.

मला वाटलं, संपलं. पुढच्या सोमवारी घरी येतो तर स्टोव्हवर पातेलंभर पाणी उकळतंय, वहिनींचा मिक्सर ओट्यावर आहे, आणि तू पाच किलो मोहरी निवडून बसलेली. पाटा धुऊन भिंतीला उभा केला होतास. माझी पास झाली म्हणजे माझ्या पद्धतीनंच करायचं, तुझा साधा हिशेब. तो घाणा तसा झाला असता तर हॉटेल हातचं गेलं असतं, आणि खरं सांगितलं असतं तर तुझ्यापुढं तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी स्टोव्ह बंद केला. म्हणालो, शेफला या वेळी जरा वेगळी पाहिजे, तुझ्यासारखी.

तू मान वर केलीस. "म्हंजे गार पान्यात?"

"हो."

"पाट्यावर?"

"हो."

"आन आठ दिस ठिवायची?"

"हो, आई."

"मंग तुझं काय ऱ्हायलं त्यात?"

मी म्हटलं, बाटली. तू इतकी हसलीस की निवडलेली मोहरी सुपातून सांडली, आणि आपण दोघं गुडघ्यांवर बसून ती वेचत राहिलो. त्या हसण्याखाली मी ती गोष्ट सरकवून दिली. तुला कळलं होतं, हे मला त्याच वेळी कळलं. तू वाट पाहत होतीस, तेही कळलं. मी मान खाली घालून दाणे वेचत होतो, आणि खरं काय ते एका वाक्यात बोलायला त्यापेक्षा सोपी जागा मला पुन्हा मिळायची नव्हती. त्यानंतर तू सहा वर्षं पाट्यावर बसलीस. नंतर खांदा गेला, मग मी दगडी चक्की आणली. तू शेवटच्या दिवसापर्यंत कुणाजवळही म्हणाली नाहीस की कृती तुझी आहे. बायका विचारायच्या तेव्हा तू म्हणायचीस, आमच्या पोराचं डोस्कं. ते ऐकताना मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचो, आणि पान उलटायचो नाही.

तर शेफनं घेतली ती तुझी होती. माझी त्यानं थुंकली नाही एवढाच सभ्यपणा.

हे कागदावर आलं, बरं वाटलं. पण फार बरं वाटून घेऊ नये म्हणून पुढचंही लिहितो. पत्र सुरू केलं त्याला आता चार दिवस झाले, आणि काल गाळ्यावर एक मोठा खरेदीदार आला होता. चांगला माणूस, मोहरी चाखून मनापासून विचारलं त्यानं, ही कृती कुणाची. हे पत्र तेव्हा अर्धं लिहून टेबलाच्या खणात होतं. मी त्याला म्हणालो, माझी.