जबडा दुखवणारा बेगल

१२ जानेवारी, रविवार. जव्हार

माझ्या बदलीपायी मुंबई सोडली, वीणाची कॉलेजातली शिकवायची नोकरीही सुटली, पण ती कधी कुरकुरली नाही. फक्त परवा म्हणाली, चावून जबडा दुखेल असा बेगल, तो कड्यासारखा गोल पाव, खावासा वाटतोय. तीन बेकऱ्या फिरलो. सगळीकडे मऊ पाव.

आज शेजारच्या कमळताईंना सहज सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या. मुंबईत बेकरीत सहा वर्षं पीठ मळलेली बाई, मला पत्ताच नाही! म्हणाल्या, "भाजायच्या आधी उकळत्या पाण्यात सोडायचा, सर. नाहीतर चिवट कसा होईल?"

दुपारभर दोघी आमच्या स्वयंपाकघरात. बेगल वेडेवाकडे झाले, पण चिवट. खरंच चिवट. वीणा डोळे मिटून चावत राहिली. मग म्हणाली, "इथल्या कॉलेजात जागा निघालीय. अर्ज करू?"

माझं तोंड भरलेलं. नुसती होकाराची मान डोलावली, जोरजोरात.