पोथीच्या पाटावर वाचलेली ती गोष्ट

आबा, तुम्हाला जाऊन जमाना झाला, तरी त्या श्रावणातलं आपलं सासरा-सुनेचं भांडण माझ्या डोक्यातून जात नाही. जाऊही नये. माझं काहीएक चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

मला पोथीतल्याच गोष्टी गोड लागायच्या. देव पावतो, सती जिंकते, शेवटी आरती. अमळनेरच्या आपल्या गल्लीत बायकांमध्ये वाचता येणारी मी एकटी, म्हणून दुपारी पाटावर बसून पोथी मीच वाचायची. माझ्या मामांनी धुळ्याहून नव्या कथांचं पुस्तक आणलं होतं, ते मी आपलं त्यांचं मन राखायला चाळत होते. त्या दिवशी अध्याय लवकर संपला आणि शेजारची अक्का म्हणाली, "त्या पुस्तकमा काय शे? वाच ना व." वाचली एक गोष्ट, पोथीच्याच चालीत. नवऱ्याचं घर सोडून निघालेली बाई मोटारस्टँडवर बसते. मोटार येते, आणि गोष्ट खलास! बायका हात जोडून आरतीची वाट बघताहेत. "मंग पुढे काय व्हयनं?" मला काय ठाऊक, कपाळ! अक्काने मात्र, पोथीपुढे ठेवतात तसे, मूठभर तांदूळ त्या पुस्तकापुढे ठेवले आणि म्हणाली, "बरं कयं तिनी." घर सोडलं ते बरं केलं म्हणे!

तेवढ्यात तुम्ही सरकी काढायच्या कारखान्यातून, जिनातून आलात, अंगभर कापसाची धूळ. तांदूळ पाहिले आणि भडकलात. "पोथीना पाटवर हाई वाचस? ना देव, ना शेवट!" पुस्तक अंगणात भिरकावलंत. पुन्हा असलं हातात दिसलं तर वाचणंच बंद, म्हणालात. माझं वाचणं, आबा! त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. मी पुस्तक उचललं, पदराने पुसलं आणि म्हटलं, "मग पोथीही आता तुम्हीच वाचा."

दुसऱ्या दिवशी बसलात खरे. अक्षर लावता लावता घाम फुटला तुम्हाला. एकेक बाई उठून परसात माझ्याकडे येते आहे, मी तेच पुस्तक मुद्दाम मोठ्याने वाचते आहे, आणि भिंतीपलीकडे तुमचा आवाज थांबतो. राग आला असेल. येऊ दे. आजही तस्संच करीन.

एक मात्र तुम्हाला कधी कळू दिलं नाही. ते पुस्तक मला मुळीच आवडलं नव्हतं. त्या बाईने मुकाट्याने घरी परतावं, असंच मलाही वाटत होतं. हे तेव्हा बोलले असते तर तुम्ही पुस्तक चुलीत घातलं असतं आणि पाठोपाठ माझं वाचणंही. म्हणून गप्प राहिले. हे लिहिलेला हा कागदही तुमच्या फोटोपुढे वाचणार नाही. जिंकल्याचं समाधान तुम्हाला अजून द्यायचं नाही मला.