खुणेवर न आलेलं ऊन

२५ सप्टें., गुरुवार
सोमवारच्या पानावर लिहिलंय : 'सकाळी ऊन खुणेवर आलं.' चूक. ऊन आलंच नव्हतं, आभाळ गच्च होतं. फोनमध्ये बघितलं होतं, त्या दिवशी दिवस-रात्र सारखी, म्हणजे ऊन खुणेवर यायचाच दिवस. सातची एसटी गाठायची होती. आत्याने विचारलं, "काय गो मास्तरीण, आला का ऊन?" तिला आता धूसर दिसतं. 'आलं,' मी म्हणाले. आणि वहीतही तेच लिहिलं. वहीला कशाला फसवायचं?

दारातून येणारं उगवतीचं ऊन मागच्या भिंतीवरच्या चुन्याच्या रेघेला टेकलं, की हळवं, लवकर पिकणारं भात कापायला काढायचं. रेघ आजोबांची. आत्याने सांगितलं की पाड्यावरची सहा घरं विळे काढतात. मंगळवारी काढले.
काल दुपारपासून पाऊस.

२७, शनि.
कापलेलं भात पाण्यात. दाण्यांना कोंब. शेजारची रखमाकाकी आत्याला म्हणाली, "भिंत म्हातारी झाली गो तुझी, तुझ्यासारखी." आत्या हसली. मग पेंढ्या पालटताना हळूच, "रेघ चुकली असंल. नायतर मी."
मी शेजारीच होते. पेंढ्या पालटत राहिले.

२९, सोम.
आत्याला विचारलं, त्या दिवशी ढग असले तर काय करायचात?
"थांबायचा. ऊन नाय म्हंजे पाऊस गेला नाय. येवढा कळाया शाळा कशाला?"
मी रेघेला तारीख समजत होते. तारीख तर बरोबरच होती.

१ ऑक्टो., बुध.
आत्या सहाही घरी जाऊन आली : पुढल्या साली आमच्या भिंतीवर जाऊ नका. रविवारी भिंत सारवून रेघ बुजवायची म्हणते. "तूच सारव. शिकलेला हात, सरळ चालंल."
घरात शिकलेली मी एकटीच.

३, शुक्र.
उघडीप. ऊन रेघेच्या पुढे दोन विती, अकरा दिवसांत सरकायला हवं तेवढं. रेघेत काहीच चूक नाही.
"आत्या..."
"काय?"
"चहा टाकू?"
दोनदा विचारलं. दोनदा प्यायली बिचारी.

४, शनि.
आत्याने माती भिजत घातली. पुढच्या वर्षी ऊन बघायला ती मला सांगेल का, माहीत नाही. सहा घरांत कोण काय म्हणेल तेही.
उद्या, रविवार, ५ ऑक्टोबर. उजाडताच, मातीला हात लावायच्या आधी सांगायचं : त्या दिवशी ढग होते, आत्या.