डीच्या पलीकडची जागा

३ मार्च, सोमवार

पुन्हा अडकलं! आमचे हे अंध वाचकांच्या वाचनालयासाठी पुस्तक वाचून रेकॉर्ड करताहेत आणि ऐन वाक्यात कॉम्प्युटर म्हणतो, जागा नाही. म्हणे सी भरला. डी अर्धा रिकामा पडलाय, पण त्याचा सीला काय उपयोग! इतक्या वर्षांत ह्यांनी वाचलेलं सगळं त्या डीमध्ये आहे.

शेवटची तीन प्रकरणं उरलीत. सतराला ह्यांचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. डॉक्टरीणबाईंनी काही आडपडदा ठेवला नाही – त्यानंतर हा आवाज नाही. आधीच घोगरा झालाय, पण आहे तरी.

५ मार्च

पुतणीला फोन केला. ती ह्यातलीच. मग ह्यांनी मला शिकवलं – डिस्क एकच, पण आत कपाटासारखे कप्पे. त्यांना पार्टिशन म्हणायचं. सीमध्ये कॉम्प्युटरचा स्वतःचा पसारा, डीमध्ये आपला. "डी थोडा आखडायचा, सी वाढवायचा. झालं!" मी म्हटलं, आपल्या कपाटाची फळीसुद्धा तुम्ही उलटी ठोकली होती. "जुनं उकरून काढण्यात तुझा हात कोण धरणार!"

पुतणीनं बजावलंय – "काका, आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मगच हात लावा." कॉपी होण्यात दिवस गेला.

६ मार्च

फळी उलटीच! डी आखडला खरा, पण मोकळी जागा निघाली डीच्या पलीकडे, पार टोकाला. सी ह्या बाजूला. मधे डी फतकल मारून बसलेला! सीला म्हणे अगदी शेजारचीच जागा लागते. पुतणी फोनवर खो खो हसली. "काका, आता डी पुसायचा आणि पुन्हा बनवायचा. कॉपी आहेच की."

पुसायचा! मी फोनच हिसकावून घेतला. डीला कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. कॉपी आहे, कळतं मला. पण ह्यांचा आवाज आहे तो! स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे मागून आले. "बरं बाई, नाही पुसत." मग मी चष्मा पुसायला गेले तर सापडेना. नेहमीसारखं ह्यांनीच सांगितलं – डोक्यावर.

७ मार्च

सुटलं! रेकॉर्डिंग चालू असताना त्याचा कच्चा माल सीमध्ये साठत होता. पुतणीनं तो डीमध्ये साठवायला लावला. एवढंच! एक प्रकरण सलग झालं.

"आता टोकाची जागा डीला परत जोडून टाका," म्हटलं. "राहू दे. तिचा ई करतो. डी वाचनालयाचा. घरचं काही नको का?"

घरचं म्हणजे काय? विजेची बिलं?

११ मार्च

पुस्तक संपलं. तरी दार लावून बसतात! घसा जपायचा सोडून एकटेच पुटपुटतात. चिडले मी. उरलासुरला आवाज माझ्यासाठी ठेवा की जरा! नुसते हसले.

१६ मार्च, रविवार

बॅग भरली. संध्याकाळभर बोललो. काय, तर गळका नळ, पुतणीचा नवा साहेब. बोलायचं ते राहूनच गेलं. बावळट मी!

१७ मार्च

ऑपरेशन नीट झालं.

२ एप्रिल

हे घरी आलेत, हेच खूप. पाटीवर लिहितात. मी बडबडते, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत काय विचारलं तेच विसरते. घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येते.

आज डी उघडून ऐकला. आवाज ह्यांचाच, पण वाचकांशी बोलणारा. माझ्याशी नाही. बंद केला.

५ एप्रिल, शनिवार

चष्मा सापडेना. घर डोक्यावर घेतलं. आणि आतल्या खोलीतून, चांगला मोठ्यानं, ह्यांचा आवाज – "अगं, डोक्यावर आहे बघ!"

होता. धावले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ई उघडा, त्यात कितीतरी बारक्या बारक्या फाइली. हे माझ्याकडे बघत गालात हसताहेत. माऊसवरचं बोट पुन्हा दाबलं –

"रडू नकोस. चहा टाक."