अर्ध्या ओठाची तालीम

२१ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. वाकून केला असं समज, कंबर धरली आहे. तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते सांगते, पण आधी इकडचं ऐक.

आपल्या बँडच्या हॉलचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं. आता फक्त एका खिडकीतून वारा येतो आणि तो नेमका आपल्या मागच्या रांगेवर. ढोलवाला मफलर गुंडाळून वाजवतो. माझ्या ट्यूबाची, त्या पितळी भोंग्याची, मधली कळ पुन्हा अडकायला लागली होती, ती तुझ्याच उपायाने सुटली, तेल कमी आणि शिव्या जास्त. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. म्हणजे बसते, तुझीच ती चष्मेवाली विद्यार्थिनी, पण पार टोकाला बसते. तुझ्या खुर्चीवर वह्या नि वाद्यं ठेवायची सवय बाकीच्यांना लागली होती, ती मी मोडून काढली.

वहिनी फोनवर म्हणाली की अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझा हात आता पूर्ण सुधारला, जिनाही चढतोस. ऐकून फार बरं वाटलं. ओठाबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

तर तुझा मुद्दा. तू लिहिलंस, "अख्खा कार्यक्रम नको मला. वन्स मोअर तेवढा आपला दोघांचा ठेव. मला झेपेल असं एखादं ड्युएट निवड." वाचून मी आधी नाचलेच. वर्षभर आपण सगळ्यांच्या मागे पोटावर पितळ घेऊन बसतो, कुणी ढुंकून बघत नाही. कार्यक्रम संपला, टाळ्या थांबेनात, की मग दोन ट्यूबा उठून पुढे येतात आणि लोक आधी हसतात. मग गप्प होतात. त्या गप्प होण्यासाठी तू वर्षभर घासायचास, मला काय माहीत नाही?

मी आपलं ड्युएटांचं खोकं काढलं आणि जमिनीवर पसारा मांडला. ते लष्करी चालीचं सगळ्यात आधी बाजूला ठेवलं, त्यात जीभ फार पळवावी लागते. दोन लठ्ठ माणसं जिन्यात अडकतात ते गमतीचं घेतलं, पण त्यातल्या सुरांच्या उड्या आठवल्या आणि ठेवून दिलं. मग ते संथ, अंगाईसारखं. सूर सगळे खालचे, ओठ सैल ठेवला तरी चालेल असं वाटलं. पण वाटून काय उपयोग? तुझ्या तोंडाचं मला इथे बसून काय कळणार?

आणि तेव्हाच माझी दाढ ठणकायला लागली. काढायची नव्हती, नुसती भरायची होती. उजवीकडचीच, तुझा ओठ लुळा पडला त्याच बाजूची. दातवाल्याने सुई दिली, अर्धं तोंड मेलं, आणि दाढ भरून होताच मी घरी न जाता तडक हॉलवर गेले. चष्मेवाली तिथे सराव करत होती. तिला म्हटलं, तू वरचा भाग वाजव, मी दादाचा वाजवते. मला वाटलं, मी हुशार आहे. आपल्या घराण्यात असलं डोकं चालवणारी मीच एक.

दादा, उजव्या कोपऱ्यातून वारा सुटला तो थांबेचना. अंगाईचा पहिलाच सूर नुसता फुसफुसला. मी बोटाने ओठ दाबून धरला, मग तिकडची कळ दाबायला बोट उरलं नाही. लाळ हनुवटीवरून ब्लाउजवर. तरी मी एकेक करत सगळं खोकं संपवलं. चष्मेवाली मध्येच वाजवायची थांबली आणि म्हणाली, "ताई, सर घरी रोज असंच करून बघत असतील का हो?"

मी हनुवटी पुसली. घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. सुई उतरली तेव्हा माझा ओठ परत आला, म्हणून आणखी रडले.

एकही सापडलं नाही, दादा. हेच लिहायचं होतं म्हणून पत्र रखडलं.

आपल्या कंडक्टरनेही डोकं लढवलं. म्हणाला, त्यांना नुसतं तोंडाला लावून बसवू, त्यांचा भाग मागून कुणीतरी वाजवेल, लोकांना कुठे कळतंय. मी त्याला सगळ्यांसमोर असं झापलं की तो दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता. बिचारा वाईट मनाचा नाही. पण तुला तिथे शोभेला बसवायचं? तुला? मला त्याचा राग आला, तुझ्या त्या वेड्या पत्राचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या धडधाकट तोंडाचा.

तेव्हा तू वाजवायचं नाहीस. मी नाही म्हणते आहे. वन्स मोअर मी आणि चष्मेवाली वाजवू. पोर खरंच चांगली आहे, श्वास तूच शिकवलायस, मी संपवते तिथे ती बरोबर धरते.

खोक्यातली सगळी ड्युएटं सोबत पाठवते आहे. निवड तूच करायची, पण झेपेल का हे बघत बसू नकोस. ते आता विसर. पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसून तुला कुठलं ऐकायचं आहे, ते सांग. कितीही अवघड असू दे, आम्ही बसवू. आणि कुठलंच ऐकणं तुला सोसणार नसेल, तर तसंही लिही. मग लोकांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या तरी आम्ही जागचे उठणार नाही.

तुला जन्मात पहिल्यांदा नाही म्हणणारी,
तुझी धाकटी बहीण